मऊपणा कुठे गेला

ते साल एकोणीसशे त्र्याहत्तर. चैत्र सरत आला होता, नगरच्या नळांना तीन दिवसांआड पाणी येत होतं, आणि त्या वर्षाचं नाव निघालं की लोक आजही दुष्काळाचंच बोलतात. पुष्पावतीला मात्र त्या सालातलं सगळ्यात आधी काय आठवायचं, तर मालनबाईची चटणीची पिशवी. दुपारची सुट्टी झाली होती. पिशव्यांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती, तिलाच सगळे प्रयोगशाळा म्हणत; तिथल्या टेबलावर तराजू एका बाजूला सारून पुष्पावती आपला डबा उघडत होती. झाडलोट करणारी मालनबाई दोन दिवस तिसगावला बहिणीकडं जाऊन आली होती. ती दारातच फतकल मारून बसली आणि कनवटीची पिशवी सोडून तिनं पुढं केली. "घ्या बाई, करडीच्या तेलातली हाय. मनकर्णीनं दिली." पुष्पावतीनं पिशवी हातात घेतली आणि चटणी काढायला ती दाबली, तर ती वाजली. वाळलेलं पान पायाखाली यावं तशी वाजली. पुष्पावतीचा हात तिथंच थांबला.

"ही आपलीच पिशवी ना, मालनबाई?"

"मग कुनाची? दुधाच्या भुकटीची. तिकडं दुष्काळी कामावर पोरांना वाटत्यात. रिकामी झाली की बाया भांडत्यात तिच्यावरनं. गळत न्हाई, फाटत न्हाई, आतलं दिसतंय."

"हिच्यात चटणी कधीपासून आहे?"

"झालं असंल आठ-धा दिवस. का? खवट झाली व्हय?"

"चटणी नाही. पिशवी कडक झालीय."

"व्हनारच की. तिकडच्या उन्हात आमी मानसं कडक झालो, पिशवीचं काय घेऊन बसलाय." मालनबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि भाकरी मोडू लागली. पुष्पावती म्हणाली, "थांबा. ती चटणी खाऊ नका." मालनबाईचा घास हातातच राहिला. आपण असं का म्हणालो, हे पुष्पावतीला त्या क्षणी सांगता आलं नसतं. बोटांना कळलं होतं, डोक्याला अजून कळायचं होतं.

डोक्याला कळलं ते संध्याकाळी, तोफखाना भागातल्या आपल्या खोलीवर पायी जाताना. हे प्लास्टिक मुळात मऊ नसतं. ते पत्र्यासारखं ताठ असतं. त्यात तेलासारखं एक द्रव्य कालवतात तेव्हा त्याची पिशवी होते. पिशवीचा मऊपणा म्हणजे ते द्रव्य. इतकी वर्षं ते परदेशातून मुंबईमार्गे यायचं. त्या हिवाळ्यात ते यायचं थांबलं, आणि त्याच्याऐवजी दुसरं आलं, स्वस्त, किंचित पिवळसर, फॉस्फेटच्या जातीचं. ते चालेल की नाही हे बघायचं काम पुष्पावतीचं. तिनं नव्या पिशवीचे तुकडे दहा दिवस पाण्यात ठेवले, आंबट पाण्यात ठेवले, भुकटीत पुरून ठेवले. तुकडे वजनाला घटले नाहीत. पुस्तकात तेलाची पण परीक्षा होती, पण ती तेलकट पदार्थांसाठी. ही तर साय काढलेल्या दुधाची भुकटी, तिच्यात स्निग्ध असं काही नाहीच. तिनं अहवाल लिहिला, 'अन्नासाठी योग्य', आणि खाली सही केली. तीन आठवडे झाले त्याला. आणि आता पिशवी ताठ झाली होती. मऊपणा हवेत उडून जात नाही. मग तो गेला कुठं? चटणीत गेला. चटणीतून कुठं गेला, हे म्हणायला पुष्पावतीचं मन तयार होईना. खोलीचं कुलूप काढून ती आत आली, दिवा लावला, आणि चुलीवरच्या दोरीकडं बघत उभी राहिली. दोरीवर धुऊन वाळत घातलेल्या तीन पिशव्या होत्या. तिच्याच कारखान्याच्या. एकीत ती शेंगदाण्याचं कूट ठेवी. म्हणजे तिला माहीत होतं. या मुलखात चांगली पिशवी कुणी फेकत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं, आणि तरी तिनं भुकटीची परीक्षा घेतली, पिशवी ज्या हातांत जाणार होती त्या हातांची घेतली नाही.

तिला आईची आठवण झाली. ती आठवण नेहमी वासानं यायची, नवसागराचा धूर नाकात चढावा तशी. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, पारनेर, पुष्पावती सात-आठ वर्षांची. कल्हईवाला यायचा बंद झाला होता, कारण कथील मिळत नव्हतं. आणि पितळेच्या भांड्यांना कल्हई नसली की ताक कळकतं, हिरवं होतं, पोटात ढवळतं. घरोघर भांडी लाल पडली होती. तेव्हा आईनंच कुठून तरी एक नवा कल्हईवाला शोधून आणला. गल्लीच्या तोंडाशी त्यानं भाता मांडला, खड्डा पेटवला, लाल झालेल्या भांड्यात कापसाचा बोळा फिरवला की भांडं आतून चांदण्यासारखं पांढरं व्हायचं. आई घरोघर सांगत फिरली, माणूस चांगला आहे, भांडी द्या. सगळ्यांनी दिली. पाच-सहा दिवसांनी आई ताकाची चरवी घासत होती, आणि तिनं बोटानं आतलं अंग चोळलं, आणि बोट उजेडात धरलं. बोट काळं झालं होतं. कथलानं बोट काळं होत नाही, शिशानं होतं. मग तिनं पदर खोचला आणि चरवी पुष्पावतीच्या हातात देऊन म्हणाली, चल.

त्या दिवसाची लाज पुष्पावतीच्या अंगात कुठं तरी अजून होती. आई पुढं, ती चरवी घेऊन मागं, एकेका दारात. मीच सांगितलं होतं ना, आता मीच सांगते, त्या भांड्यात काही ठेवू नका. कुणी दार लावून घेतलं, कुणी म्हणालं, तुमचं त्याच्याशी बिनसलं असेल. शेवटच्या घरातल्या छबूबाई दारातच हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. "काय झालंय का कुणाला?" आई म्हणाली, "अजून नाही." "मग झाल्यावर सांग." तेव्हा आई अगदी हळू म्हणाली होती, "झाल्यावर सांगायला मी कशाला हवी?" परत येताना पुष्पावती आईवर रागावली होती. आई गप्प बसली असती तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. आता आपल्या खोलीत, दोरीवरच्या पिशव्यांपुढं उभी असताना, तिला तो राग आठवला, आणि त्यातला शब्दन्‌शब्द आपणच आत्ता स्वतःशी म्हणत होतो हे लक्षात आलं. गप्प बसले तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

तिनं पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी पुस्तक मिटून ठेवलं. नव्या पिशवीच्या पट्ट्या कापल्या, एकेक वजन केली, करडईच्या तेलात बुडवल्या आणि बरण्या सकाळी खोलीच्या पत्र्यावर नेऊन ठेवल्या. कामावरच्या बाईच्या कनवटीला जसं ऊन लागतं तसं ऊन लागू दे. शिडी धरायला मालनबाई होती. "बाई, लोनचं घालताय जनू," ती खालून म्हणाली. आठ दिवस पुष्पावती रोज पत्र्यावर चढली. पाचव्या दिवशीच पट्ट्या वाकायच्या बंद झाल्या. आठव्या दिवशी तिनं त्या पुसून तराजूत टाकल्या आणि दुसऱ्या पारड्यातलं वजन उचलत गेली, उचलत गेली. दहातला एक भाग गेला होता. तेलाला वास नव्हता, रंग नव्हता. जिभेला कळणार नाही असं ते होतं. पुण्याच्या लायब्ररीत कधीतरी वाचलेला एक लेख तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा आला: दूरदेशी कुठं तरी लोकांनी खायच्या तेलात मिसळलेलं याच जातीचं द्रव्य खाल्लं आणि त्यांच्या गुडघ्याखालचं बळ गेलं. या जातीत सगळंच वाईट नसतं. एक अंश वाईट असतो. आपल्या पिंपात तो अंश किती, हे सांगायचं यंत्र नगरात नव्हतं. मुंबईला नमुना तिनं पाठवला, पण उत्तर यायला दोन-अडीच महिने लागणार होते. पुरवठादाराच्या पत्रात फक्त एवढंच होतं, माल कारखानी प्रतीचा आहे. बसल्या बसल्या तिनं चपलेतली बोटं हलवून पाहिली. हलत होती. आपलं आपल्यालाच हसू यावं, पण आलं नाही.

राधाकृष्णशेठ कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता. बी.एस्सी. झालेल्या बाईला नगरात कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी तिला ही खोली दिली होती, आणि रोज चार वाजता चहाला बोलावून मुंबईच्या बाजारातल्या गोष्टी सांगायची त्यांना हौस होती. त्या दिवशी चहा आला आणि निवला. तिनं ताठ झालेली पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाकवली. ती मोडली.

"बाई, हा रिपोर्ट तुमचाच आहे ना?" त्यांनी खणातून कागद काढला.

"माझाच."

"मग आता हे काय नवीन?"

"तेव्हा मी चुकीचा प्रश्न विचारला होता. भुकटी बिघडते का, एवढाच. बायका त्यात तेलाची चटणी बांधतात, हे मी धरलं नाही."

"बायका त्यात काय बांधतात ते आपण कसं बघणार? उद्या रॉकेल बांधतील." ते थोडा वेळ पट्टीचे तुकडे जुळवत राहिले. "पिशव्या थांबवल्या की भुकटी थांबते. पोत्यातनं पाठवली तर ओल धरते, गाठी होतात, पोरं आजारी पडतात. ती पोरं तुमच्या हिशेबात नाहीत का?"

हा प्रश्न तिनं स्वतःला आठ दिवस विचारला होता. "आहेत. पत्र्याच्या डब्यातनं पाठवा. वाटताना ज्याच्या त्याच्या तांब्यात मापानं द्या. पिशवी घरी जायला नको."

"कुणाला काही झालंय का?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता, पारनेरच्या गल्लीतला होता. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं उच्चारलं नाही, पण शेठना ते तिच्या तोंडावर वाचता आलं असावं. त्यांनी नजर खिडकीकडं वळवली.

"लेखी द्याल?"

"दिलंय." तिनं दुसरा कागद पुढं ठेवला. 'माझा आधीचा अहवाल अपुरा होता. तो मी मागे घेते.' त्याची एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीला त्याच दिवशी सकाळी टपालानं गेली होती, हेही तिनं सांगितलं. शेठनी कागद दोनदा वाचला. "गोदामातला माल थांबवतो," ते शेवटी म्हणाले. "पण तिसगावाकडं गेलेल्या पिशव्यांचं काय? त्या गेल्या. लोकांच्या घरात गेल्या."

"त्या मी आणते."

"कशा?"

"दारोदार मागून."

तिसगावच्या अलीकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. मालनबाई आणि ती एसटीतून उतरून माळानं चालत गेल्या. ऊन एवढं की समोरची टेकडी पाण्यातल्यासारखी हलत होती. माती वाहणाऱ्या बायकांची रांग, दगड फोडल्याचे आवाज, आणि लिंबाच्या खराट्यासारख्या झाडाला बांधलेल्या झोळ्या. जेवणाची सुट्टी झाली तशा बायका बांधाच्या सावलीत बसल्या आणि एकेकीनं पिशवी सोडली. पुष्पावती पाहत राहिली. तिच्याच पिशव्या. कुणाची भाकरी, कुणाची चटणी, कुणाचं तेलातलं लोणचं, आणि उन्हात सगळ्या कशा काचेसारख्या चमकत होत्या. मालनबाईची बहीण मनकर्णा पोरगीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी दीड-दोन वर्षांची, नाव राही. तिच्या तोंडात एका पिशवीचा कोपरा होता. ती तो चघळत होती, मन लावून. पुष्पावतीनं तो ओढून घेतला तेव्हा पोरगीनं माळ डोक्यावर घेतला.

"का वो बाई, लेकराचं खेळनं का घेतलं?"

पुष्पावतीनं सांगायला सुरुवात केली. द्रव्य, तेल, ऊन, पट्ट्या. तिला स्वतःचाच आवाज वर्गातल्या मास्तरणीसारखा ऐकू येत होता. बायका जेवत होत्या. हजेरी घेणारा आसाराम मुकादम वही बगलेत मारून मागं येऊन उभा राहिला होता. "म्हंजी गेल्या म्हैन्यात वाटल्या, आन या म्हैन्यात गोळा," तो म्हणाला. "पुढच्या म्हैन्यात आमालाच गोळा करून न्या, बाई." बायका हसल्या. एकजण म्हणाली, "तिला दुसरीकडं द्यायच्या असतील." "आमाला काय कागदात बांधून आनायची व्हय चटनी?" हसणं वाढत गेलं. पुष्पावती उभीच होती. आईच्या मागं चरवी घेऊन चालणारी पोर तिच्या आत कुठं तरी रडकुंडीला आली होती, आणि त्या पोरीकडंच बघून तिला सुचलं. ती खाली बसली.

"तुमच्याकडं कल्हईवाला येतो का?" तिनं मनकर्णाला विचारलं.

"यायचा. आता ताकच न्हाई तर कल्हई कशाला?"

"कल्हई गेलेल्या चरवीत ताक ठेवाल?"

"कळकंल ना."

"या पिशवीत चटणी कळकते. फक्त हिरवी होत नाही. वास येत नाही. कल्हई कुठं गेली ते चरवीत दिसतं, इथं दिसत नाही. आधी ही मऊ होती ना? हात लावून बघ. मऊपणा गेला कुठं?"

मनकर्णानं पिशवी दाबली. ती वाजली. शेजारणीनं आपली दाबली. तीही वाजली. मग बांधाच्या सावलीभर तो आवाज फिरत गेला, कडकड, कडकड, आणि हसणं हळूहळू विरलं. आसारामानं वहीची बगल बदलली. "ही कुनी केली पिशवी?" मनकर्णानं विचारलं.

"चालेल म्हणून सही मी केली होती."

मनकर्णानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता का, हे पुष्पावतीला कधीच ठरवता आलं नाही. "तेल हाय बाई त्यात," मनकर्णा म्हणाली. "म्हैन्याचं तेल हाय." "माहीत आहे," पुष्पावती म्हणाली. मनकर्णानं पोरगी बहिणीच्या कडेवर दिली, टिकाव उचलला, बांधाच्या कडेला हातभर खड्डा खणला आणि चटणी त्यात उपडी केली. वर माती लोटून तिनं पायानं दाबली. मग पिशवी मातीनं घासली, झटकली, आणि पुष्पावतीच्या हातात द्यायच्या आधी थांबली. आपल्या गाठोड्यातून तिनं चिमूटभर काहीतरी काढलं आणि पिशवीत टाकलं. जोंधळ्याचे सात-आठ दाणे असतील.

"हे काय?"

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत्यात का कुठं?" मनकर्णा म्हणाली, जणू एवढंही या शिकलेल्या बाईला ठाऊक नाही.

त्यानंतर बाकीच्या आल्या. एकेक येत होती, खड्ड्यात पिशवी उपडी करत होती आणि परत देत होती, आणि एकीनंही रिकामी दिली नाही. कुणी दोन दाणे टाकले, कुणी मिठाचा खडा, कुणी चिंचेचं बुटूक, एकीनं काहीच नव्हतं म्हणून केसातली बाभळीची फुलं. पुष्पावती पोतं धरून होती. दुसऱ्या दिवशी त्या दोघी वस्तीवर गेल्या, तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत, आणि तिथं त्यांच्या आधीच बातमी पोचलेली होती. सगळ्या पिशव्या मिळाल्या नाहीत. काही जणींनी दिल्याच नाहीत, आणि पुष्पावती त्या दारांत दुसऱ्यांदा गेली, आणि एका दारात तिसऱ्यांदा. नगरला परतताना एसटीत पोतं तिच्या मांडीवर होतं. खड्ड्यातून गाडी गेली की ते कुरकुरायचं. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे त्यात?" ती म्हणाली, "भांडी."

ते दाणे तिनं निवडून एका काचेच्या बरणीत ठेवले. तेल लागलेल्या पिशवीतले दाणे. खायचे नव्हते, आणि टाकायला हात उचलत नव्हता. मालनबाई म्हणाली, पाखरांना घाला. पुष्पावती नको म्हणाली. पाऊस लागल्यावर मालनबाईनं ते कारखान्याच्या भिंतीकडेला टोचले आणि विचारलं, "उगवल्यालं चालतं का हो बाई?" पुष्पावती म्हणाली, माहीत नाही. तेव्हापासून हे उत्तर द्यायला तिला कधी संकोच वाटला नाही. मुंबईचं पत्र श्रावणात आलं. पिंपात तो वाईट अंश होता, थोडा होता, आणि एवढ्या थोड्यानं काय होईल ते निश्चित सांगता येत नाही, असं त्यात होतं. तोवर पिंपं परत गेली होती.

राधाकृष्णशेठनी तिला कामावरून काढलं नाही. चार वाजता चहाला बोलावणं मात्र पुन्हा कधी आलं नाही. पुढं त्यांनी पिशव्या सोडून शेतीच्या पाइपांचं काम धरलं. ते वारले तेव्हा त्यांच्या खणात तिचे दोन्ही अहवाल एकाच टाचणीनं टोचलेले सापडले, असं त्यांच्या मुलानं तिला सांगितलं. पुष्पावती दोन वर्षांनी एका कॉलेजात शिकवायला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. कुठल्याही प्रयोगाआधी ती मुलांना विचारी, ही वस्तू शेवटी कुणाच्या हातात जाणार? आसाराम मुकादम ऊसतोडीची टोळी घेऊन जाऊ लागला आणि मनकर्णा नवऱ्याबरोबर त्याच टोळीत, पुढं राहीसुद्धा, वर्षातले सहा महिने. मालनबाई कारखान्यातच म्हातारी झाली. शेवटपर्यंत ती चटणी चिनीमातीच्या सटात आणायची आणि सट जड आहे म्हणून पुष्पावतीला बोल लावायची. तिसगावाकडं कुणाला काही झाल्याचं कधी कळलं नाही. होणार होतं आणि टळलं, की होणारच नव्हतं, हे सांगणारं यंत्र मुंबईतही नव्हतं. पुष्पावती दर वर्षी एकदा तिकडं जायची, आणि राही समोरून धावत आली की आधी तिच्या पायांकडं बघायची, मग तोंडाकडं.

राहीचं लग्न नव्वद साली झालं, तिसगावातच, मांडवात. पुष्पावतीला मानानं पुढं बसवलं होतं. मंगलाष्टकं झाली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, वाजंत्री वाजली, आणि मग तांदळाच्या सात लहान ढिगांवरून नवरा-नवरी चालू लागली. मांडव नवरीच्या तोंडाकडं बघत होता. पुष्पावती खाली बघत होती, मेंदी लावलेल्या, थोड्या भेगाळलेल्या त्या पावलांकडं. एक. दोन. तिसऱ्याला शालूचा काठ पायात आला आणि राही किंचित डगमगली, आणि पुष्पावतीची अक्षतांची मूठ आवळली. मग चौथं पाऊल पडलं, पाचवं, सहावं, सातवं, सगळी सरळ, पक्की, ऊस तोडणाऱ्या बाईची. "बाई, अक्षता टाकल्या न्हाईत तुमी," मनकर्णा कानाशी म्हणाली. पुष्पावतीनं मूठ उघडली. तांदूळ घामानं भिजून एकमेकांना चिकटले होते.